वर्णद्वेषाचा घाव बसलेला माणूस पुन्हा अख्खा होतो का?

तू लिहिलंस की आठ महिन्यांपूर्वी, युरोपातल्या तुझ्या शहरात, ट्राममध्ये एका माणसाने तुझ्या रंगावरून शिवी दिली आणि तुझ्या पायाशी थुंकला. डब्यातलं कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून बाहेर असताना तू आईचा फोन उचलत नाहीस, कारण मराठी कानावर पडलं की लोक वळून बघतात. मैत्रिणी म्हणतात, सोडून दे. तू विचारतेस, यातून माणूस पुन्हा अख्खा बाहेर येतो का?

मी तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. सत्तरीला टेकले आहे, माझी धाकटी लेक तुझ्यापेक्षा मोठी असेल. जन्म ठाण्याचा, बेने इस्राएल घरातला. म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. गावोगाव तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. ज्यू आहात म्हणून कोकणात आम्हाला कुणी छळलं नाही. हे आधी सांगते, कारण घाव कुठून येतो यावरही त्याची खोली ठरते. आम्हाला तो जिथे बसला, त्या देशाला आम्ही हजारो वर्षं प्रार्थनेत आपलं घर म्हणत होतो.

१९६३ साली आम्ही इस्राएलला आलो. मी सात वर्षांची. आम्हाला दक्षिणेच्या वाळवंटात, दिमोनाला घर मिळालं. बाबा ठाण्याला रेल्वेत कारकून होते, इथे कापडगिरणीत लागले. शाळेच्या पहिल्या दिवशी मुली माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुशीत! कुशीत!" मला हिब्रू येत नव्हतं. मराठीत कुशीत म्हणजे आईच्या कुशीत. मला वाटलं, काहीतरी मायेचं बोलतायत. मी हसले. त्या आणखी मोठ्याने हसल्या.

हिब्रूत 'कुशी' म्हणजे काळा, मुलीला 'कुशीत'. शब्द जुना आहे, धर्मग्रंथातला आहे, पण शाळेच्या अंगणात त्याची शिवी झाली होती. गोल धरून होरा नाचायची वेळ आली तेव्हा शेजारच्या मुलीने माझा हात धरला नाही, बाही धरली. चार बोटांच्या चिमटीत, नुसती बाही.

मग मी आईला सांगितलं, बसथांब्यावर माझ्याशी मराठी बोलू नकोस. ती का म्हणून विचारेल, रागावेल, असं वाटलं होतं. तिने काही विचारलं नाही. गप्प झाली. थांब्यावर माझ्याशी खुणांनी बोलायला लागली. त्या मुलीच्या बाहीपेक्षा आईच्या त्या खुणा मला आजही जास्त बोचतात. तू फोन उचलत नाहीस हे वाचलं आणि म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरावर दुसरा घाव आत्याच्या लग्नात आला. त्या काळी इथल्या रब्बींपैकी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपैकी, काहींना शंका होती की बेने इस्राएल शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटलेले होते, त्यांच्यात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, बाहेरच्यांशी लग्नं झाली असतील का. १९६२ साली रब्बींना लेखी निर्देशच गेले. बेने इस्राएल माणसाला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या आईची, आजीची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा. आत्या तेवीस वर्षांची, मोरोक्कोहून आलेल्या घरातल्या मुलाशी ठरलेलं. नोंदणीच्या खिडकीवर तिला सांगितलं, आईच्या आईच्या आईचे कागद आणा. पेणजवळच्या खेड्यात घाण्याच्या बैलामागे जन्म काढलेल्या बाईच्या नावाचा कागद कोण करून ठेवतो? अकरा महिने गेले. मग मुलाकडून निरोप आला, आता नको.

आमची माणसं मुकाट बसली नाहीत. त्याच्याही आधी, १९५१ साली, आमच्यातल्या काहींनी तेल अवीवला धरणं धरलं होतं. काळ्यांनी काळा पावच खावा असं आम्हाला ऐकवतात, ही त्यांची एक तक्रार होती आणि मागणी होती की आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा. शंभराहून अधिक लोक दुसऱ्या वर्षी खरोखर मुंबईला परतले. आणि १९६४च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल जेरुसलेमला येऊन बसले. बायका, मुलं, म्हातारी, सगळी. बाबा गिरणीतून रजा टाकून गेले. १७ ऑगस्टला क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि लग्नासकट कुठल्याही बाबतीत त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. पुढे त्या निर्देशांतून आमचं नाव निघालं.

बाबा परत आले ते घसा बसलेले, उन्हाने रापलेले. पण त्यांचं चालणं बदललं होतं. ठाण्याच्या फलाटावर चालायचे तसे चालायला लागले. त्यांचा घाव त्या रस्त्यावरच भरला असावा, चार लोकांत बसून, ओरडून. आत्याचा नाही भरला. ती त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढे तिने आमच्यातल्याच एका भल्या माणसाशी लग्न केलं, संसार नीट केला, आणि त्या अकरा महिन्यांबद्दल बत्तीस वर्षं एक शब्द काढला नाही.

म्हणून तुला एकच उपाय सांगायला माझी जीभ रेटत नाही. न्याय मिळालाच पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ज्याने आपल्याला अपुरं ठरवलं त्याने 'बरं, तू पुरी आहेस' असा कागद दिला म्हणजे आतलं तुटलेलं जुळतं असं नाही. २०१६ साली आमच्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसाही निघाला आणि भारतीयही. आमच्या वस्तीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. मला बरं वाटलं नाही. पुन्हा कुणीतरी आमचं रक्त तपासत होतं आणि आम्ही निकालाची वाट बघत होतो.

रक्तावरूनच आठवलं. मी चौतीस वर्षं परिचारिका होते. १९९६च्या जानेवारीत बातमी फुटली की इथिओपियातून आलेल्या ज्यूंनी दान केलेलं रक्त इथे वर्षानुवर्षं गुपचूप फेकून दिलं जात होतं. रोगाची भीती हे कारण होतं, पण त्यांना सांगितलं नव्हतं. सुईही टोचायची, आभारही मानायचे, आणि मग फेकून द्यायचं. हजारो इथिओपियन जेरुसलेमला मोर्चा घेऊन आले. माझ्या वॉर्डातली इथिओपियन सहकारी त्या आठवड्यात चादरी बदलता बदलता मला म्हणाली, "मी सहा वेळा रक्त दिलं होतं." एवढंच. मला काय बोलावं सुचेना. आणि मग माझ्या तोंडून ती बाहीची गोष्ट निघाली. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्यालाही सांगितली नव्हती ती.

त्याच महिन्यात आमच्याकडे मलिदा होता. भाचीचं लग्न ठरलं होतं. मलिदा म्हणजे आमचा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाचा प्रसाद. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि वर पाच फळं. सहा-सात बायका खोबरं खवत होतो, रेडिओवर त्या मोर्चाची बातमी लागली. आमच्यातली एक म्हणाली, "ते लोक वेगळे, आपल्याला कुठे असं केलं?" आत्याने विळीवरचा हात थांबवला. म्हणाली, "केलं की. माझं रक्त तपासलं नाही होय? पणजीपर्यंत तपासलं." आणि तिने सगळं सांगितलं. खिडकी, कागद, निरोप आणला तो मुलाचा भाऊ, त्याच्या अंगातला निळा सदरा. कुणी 'जाऊ दे' म्हटलं नाही. खवणं थांबलं होतं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट होती. दुपार गेली, पोहे जास्त भिजून गेले.

पुढची दहा वर्षं आत्या जगली. ती अख्खी झाली का? मला वाटतं हो, पण तेवीस वर्षांची होती तशी नाही. तिला झोप लागायला लागली, आणि लग्नांना जायला लागली. आधी कुठल्याच लग्नाला ती मांडवात थांबत नसे, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

एक गोष्ट आमची आम्हालाच कबूल करायला सगळ्यांत जड गेली, ती वगळली तर हे उत्तर खोटं ठरेल. कोकणात आम्हीच आमच्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे भेद करत होतो. बाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला काळे म्हणायचं, त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतीला वेगळं बसवायचं. माझी आजी एका घराबद्दल आवाज खाली करून बोलायची, तो आवाज मला आठवतो. दिमोनाच्या शाळेतल्या मुलींनी माझ्याशी केलं ते आजीने कुणाच्या तरी नातीशी केलं असणार. हे मान्य केलं तेव्हा माझी लाज कमी झाली, का ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक असं असावं की रंगावरून माणूस ठरवणं हा रोग माझ्या कातडीत नाही, तो बघणाऱ्यात आहे आणि कुणालाही होतो, हे तेव्हा मला पुरतं पटलं. इथे अरब शेजाऱ्यांशी कसं वागलं जातं तेही मी आता त्याच डोळ्यांनी बघते, आणि आमच्या घरात त्यावरून भांडणं होतात.

आता परिचारिका म्हणून थोडं. त्या ट्रामच्या वाटेने जाणं टाळत असशील, मागे पावलं वाजली की छाती धडधडत असेल, रात्री तेच दृश्य परत येत असेल, तर तो तुझा दुबळेपणा नाही. शरीर एका फटक्यात शिकलं आहे की इथे धोका आहे आणि मदतीला कुणी येणार नाही. थुंकणारा एक होता, गप्प बसणारे पंचवीस-तीस होते. मला वाटतं तुझा घाव त्या गप्प बसण्याचा जास्त आहे. आठ महिने झालेत, तेव्हा समुपदेशकाकडे जा, नुसती वाट बघू नकोस. पहिल्या भेटीत त्याने 'तो खरंच रंगावरूनच बोलला कशावरून?' असं विचारलं तर ऊठ आणि दुसरा शोध. आपल्यासारख्यांना आधी पुरावा द्यावा लागतो आणि मग दुःख करायची परवानगी मिळते, त्या खिडकीवर पुन्हा उभी राहू नकोस. काय घडलं ते तारखेसकट मराठीत लिहून काढ, तो काय म्हणाला ते शब्दन् शब्द. पोलिसांकडे जायचं की नाही ते नंतर ठरव. आणि तुझ्या शहरात तुझ्यासारखा अनुभव आलेली माणसं असतीलच, ती मराठी असतील असं नाही. मला ती इथिओपियाची सापडली. मैत्रिणींना सांग की 'सोडून दे' म्हणू नका, नुसतं ऐका. त्यांना बहुतेक कळत नाहीये की आपण काय करतोय.

आईचा फोन मात्र उद्यापासून घे. लगेच ट्राममध्ये नको, आधी घराखालच्या बाकावर बसून घे. पाच मिनिटं. तिला अजून सांगितलं नसशील तर सांग. तू फोन का उचलत नाहीस याचे तिने आठ महिन्यांत काय काय अर्थ लावले असतील, आई म्हणून मला कल्पना आहे.

माझ्या पोरी लहान असताना मी त्यांना 'मांडीवर ये' म्हणायचे, 'कुशीत ये' कधीच नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं. तो शब्द तोंडात यायचाच नाही, आणि हे माझं मलाही नात झाल्यावर कळलं. तीन वर्षांपूर्वी तिला घेऊन बसने बीरशेवाला चालले होते. तिला झोप आली, किरकिर करायला लागली. मी म्हटलं, "ये गं, कुशीत ये." खणखणीत आवाजात, भर बसमध्ये. चार माणसं वळली. समोरच्या बाकावर गणवेशातली एक मुलगी होती, सैन्यातली, इथिओपियन घरातली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला ओळखीचं होतं. मी घाईने हिब्रूत सांगितलं, "नाही गं, तसं नाही. माझ्या भाषेत या शब्दाचा अर्थ हा," आणि नातीकडे बोट दाखवलं. नात माझ्या छातीशी डोकं खुपसून झोपत होती.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणा."