हातात न घेता मेंडोलिन विकत घ्यायचं तर

प्रश्न : थोडी गिटार येते. आता जुनी हिंदी गाणी वाजवायला मेंडोलिन घ्यायचं आहे. बजेट पंधरा हजार. आमच्या भागात (चंद्रपूर जिल्हा) दुकानात गिटार मिळते, मेंडोलिन नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवावं लागेल. न वाजवता ते पारखायचं कसं?

सगळ्यात आधी आकाराचा मोह सोडा. बाजारात मुख्यतः दोन घाट दिसतील. ‘ए’ हा थेंबाच्या आकाराचा, साधा. ‘एफ’च्या खांद्याला लाकडी वळी आणि कडेला टोकं असतात. ती वळी देखणी असते, पण कोरायला वेळ खाते आणि आवाजात तिचा वाटा जवळजवळ नाही. तुमच्या बजेटमध्ये एफ घेतलंत तर पैसे वळीत जातील आणि तबली (वाद्याची वरची, तारांखालची फळी) प्लायवूडची येईल. तेच पैसे ‘ए’मध्ये घाला आणि तबली सॉलिड, म्हणजे एकसंध, स्प्रूस लाकडाची मागा. मागची आणि बाजूची फळी प्लायची असली तरी चालेल. जाहिरातीत नुसतं ‘स्प्रूस टॉप’ लिहिलं असेल, ‘सॉलिड’ हा शब्द नसेल, तर ते प्लाय समजा. खात्रीसाठी आवाजाच्या छिद्राच्या काठाचा जवळून काढलेला फोटो मागा. वरचे रेषे काठाच्या जाडीतून सरळ खाली उतरताना दिसले तर लाकूड सॉलिड, आडवे थर दिसले तर प्लाय.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून आणखी तीन गोष्टी घ्या, आणि त्या नेमक्या तुमच्याकडे येणाऱ्या नगाच्याच हव्यात. पहिली, 12व्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरचा धातूचा आडवा पडदा) स्टीलची पट्टी उभी धरून बाजूने काढलेला फोटो. तिथे फ्रेटपासून तारेपर्यंतची उंची ई (सगळ्यात बारीक) तारेखाली सुमारे 1.5 मिमी आणि जी (सगळ्यात जाड) तारेखाली 2 मिमी असावी. 3 मिमी दिसली तर बोटं सोलवटतील. तेव्हा विचारा की घोडीला (तबलीवरचा, तारा पेलणारा लाकडी तुकडा) उंची कमी-जास्त करायच्या चकत्या आहेत का आणि मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवायची धातूची कांब) आहे का. दोन्हींपैकी एकही नसेल तर ते वाद्य सोडून द्या. दुसरी, डोक्याकडून मानेवर नजर लावून काढलेला फोटो. त्यात मान पिळलेली असेल तर कळते. तिसरी, ई तारेवर 12व्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवलेला साधा व्हिडिओ, मागे संगीत किंवा एको नसलेला. गाणं वाजवून दाखवलेल्या व्हिडिओवरून काही ठरवू नका. चांगला वादक त्यात वाईट फ्रेट चुकवून जातो.

नटची (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) रुंदीही विचारा. ती साधारण 28 ते 30 मिमी असते. गिटारची सवय असेल तर 30च्या जवळचं घ्या, कारण मेंडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात आणि एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बोटाने दाबायच्या असतात.

तुमच्याकडचा एप्रिल-मे टाळा. बंद गाडीत तापलेल्या खोक्यात सांध्यांचा गोंद सैल पडतो, आणि आठ तारांचा मिळून ताण 70-80 किलोच्या घरात असतो. पावसाळा सुरू झाल्यावर मागवा आणि पाठवण्याआधी तारा एक-दोन स्वर उतरवायला सांगा. पूर्ण सोडायला मात्र सांगू नका, घोडी निसटते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा; परत करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : मागवलेलं मेंडोलिन आलं. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लागतात, पण वरच्या फ्रेटवर सगळं बेसूर वाजतं. परत करू का?

थांबा. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने बसलेली असते, आणि प्रवासात ती सरकते. नटपासून 12व्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक मेंडोलिनांत ते 176 मिमीच्या आसपास भरतं. 12व्या फ्रेटपासून घोडीपर्यंत तेवढंच अधिक साधारण दोन मिमी ठेवा. मग 12व्या फ्रेटवर तारेला बोट हलकंसं टेकवून, न दाबता, घंटेसारखा स्वर (हार्मोनिक) काढा आणि त्याच जागी तार दाबून स्वर वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी शेपटीकडे सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. सरकवण्यापूर्वी तारा थोड्या सैल करा, आणि घोडी पुढे झुकलेली नाही ना, हेही बघा.

एवढं करूनही पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच स्वर चढत असतील तर दोष नटच्या खाचांत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहिली तर ठीक. जास्त असेल तर खाचा खोल करायला हव्यात. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, कारण खाच जास्त घासली गेली तर नटच बदलावा लागतो. घोडीच्या पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. ती आत गेली तर पाय तबलीच्या बाकाला बसलेले नाहीत आणि आवाज तिथेच मरतो. स्वस्त वाद्यांत हा दोष वारंवार असतो. तबलीवर सँडपेपर ठेवून त्यावर पाय घासून बसवले की तो जातो.

परत करायचं ते तबलीला चीर असेल, मानेचा सांधा उघडलेला असेल किंवा मान पिळलेली असेल तर.

प्रश्न : रागसंगीत वाजवायचं आहे. अकूस्टिक घेऊ की इलेक्ट्रिक?

मींड (तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) हवी असेल तर इलेक्ट्रिक, तेही एकेरी तारांचं. जोडीतल्या दोन तारा एकत्र सारख्या खेचणं फार अवघड आहे. एक जरी कमी-जास्त खेचली गेली तरी स्वर फाटतो. यू. श्रीनिवास (1969–2014) कर्नाटक संगीत वाजवत ते एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मेंडोलिनवर. हिंदी चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन (1917–1995) यांनी अकूस्टिकवरही राग वाजवून दाखवले, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. इलेक्ट्रिक न बघता घेण्यात धोकाही कमी, कारण भरीव अंगाला तबलीच नसते. मान, फ्रेट आणि पिकअप (तारांची कंपनं टिपून अँप्लिफायरकडे पाठवणारा भाग) एवढंच तपासायचं. अँप्लिफायरचा खर्च मात्र बजेटमध्ये आधीच धरा.