पायात काटा रुतला की पांढऱ्या पेशींना नेमकं तिथेच जायचं हे कसं कळतं?

रासायनिक निरोपांमुळे. काटा रुतला की तिथे आधीपासून मुक्कामाला असलेल्या मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) या संरक्षक पेशी प्रथम जाग्या होतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात. जागा लाल, गरम होऊन सुजते ती त्यामुळे.

मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही प्रथिनं सोडतात. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. यापुढचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. हा निरोप मिळताच रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू येतात. रक्तातून वेगाने वाहत चाललेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्यांना अडखळते, भिंतीवरून गडगडत जाते, इंटरल्यूकिन-८ चा इशारा मिळाला की घट्ट चिकटते आणि अस्तराच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. मग जिकडे रसायन दाट, तिकडे सरकत राहते. पोहोचल्यावर ल्यूकोट्राइन बी४ हे रसायन सोडून मागच्यांनाही बोलावते. काट्याभोवती साचणारा पू म्हणजे बराचसा याच मेलेल्या न्यूट्रोफिलचा.

थांबण्याचाही निरोप असतो. मेलेल्या न्यूट्रोफिल गिळल्यावर मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-१० सोडतात आणि सूज ओसरते.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र सांध्यात टीएनएफ सुटतच राहतो. अडालिमुमॅब हे औषध नेमका तोच निरोप अडवतं. पण टीबीचे जंतू दाबून ठेवायलाही टीएनएफच लागतो, म्हणून हे औषध सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. ती अजिबात टाळू नका.