वनाच्छादनाचा आकडा बाजूला ठेव

सप्रेम आशीर्वाद,

तुझा मसुदा सावकाश वाचला. भारतातील उरलेल्या वर्षावनांविषयी लिहिताना तू सुरुवात २१.७६ टक्के वनाच्छादनाने केली आहेस. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालातील हा आकडा खरा आहे, पण तुझ्या विषयाला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. निदान एक हेक्टरचा आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्रघनतेचा (म्हणजे जमिनीवर झाडांच्या शेंड्यांनी धरलेल्या छायेचा) कोणताही तुकडा त्या हिशेबात वन ठरतो, मग जमीन कोणाचीही असो आणि तिच्यावर आंबा असो, रबर असो की बांबू. त्यामुळे सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात सदाहरित रान तोडून रबर लावले, तर नकाशावरचा हिरवा रंग काही वर्षांत परत येतो आणि रान मात्र गेलेले असते.

त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. तिथे चिखलातून वाकवलेल्या गुडघ्यांसारखी मुळे वर आलेली दिसतात, कारण पाण्यात उभ्या राहणाऱ्या या झाडांना मुळांपर्यंत हवा पोहोचवण्याची तीच वाट आहे. गावाने देवराई म्हणून राखल्यामुळे ती टिकली. जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा तिला नंतर मिळाला. अशा दलदलीचे पाणी भोवतालच्या उतारांवरून झिरपत येते आणि ते उतार उघडे पडले तर दर्जाची पाटी तिला वाचवू शकत नाही. तुझे पहिले पान इथून सुरू व्हावे, असे मला वाटते.

मसुद्यात कुऱ्हाड फार आहे आणि रस्ता फार कमी. सदाहरित जंगलातून रस्ता किंवा वीजवाहिनी गेली की ऊन आणि वारा आत शिरतात, जमिनीचा ओलावा उडतो, सावलीत वाढणारी रोपे करपतात आणि कडेने रानमोडीचे तण माजते. तमिळनाडूच्या अनमलाई डोंगरांतील वालपराई पठारावर चहाच्या मळ्यांमध्ये अडकलेल्या जंगलांच्या तुकड्यांत सिंहपुच्छ वानरे राहतात. एरवी शेंड्यांवरून फिरणाऱ्या या प्राण्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून तिथे झाडांच्या उंचीवर पूल टांगावे लागले. जुनी, पोकळ खोडांची झाडे निवडून तोडली गेली, तरी उरलेले रान वरून हिरवेच दिसते. पण ज्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते, त्या महाधनेश पक्ष्याला मग घरटे मिळत नाही, आणि त्याच्या पोटातून दूर जाणाऱ्या मोठ्या बिया झाडाखालीच पडून राहतात.

केरळमधील सायलेंट व्हॅलीवर तू खर्च केलेली दोन पाने अर्ध्यावर आण. ती लढाई मोठी होती आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर होऊन ती जिंकली गेली, मात्र तिथे समोर एक नियोजित धरण होते. आज बहुतेक ठिकाणी नुकसान एवढ्या ठळकपणे समोर येत नाही.

ईशान्येबद्दल लिहिताना सगळा दोष झूम शेतीवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर, टाकू नकोस. जमीन पडीक ठेवण्याचा काळ आखडला की झूम जमिनीला जड जाते हे खरे, पण सोडलेल्या झूमवर जंगल पुन्हा उभे राहते. तेलताडाच्या बागेत ते उभे राहू दिले जात नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ११,०४० कोटी रुपयांच्या तेलताड अभियानात ईशान्य आणि अंदमानवर विशेष भर आहे. त्याच्या जोडीला २०२३ ची वन (संवर्धन) कायद्यातील दुरुस्ती वाच: आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील सामरिक महत्त्वाच्या रेषीय (रस्त्यासारख्या लांबट) प्रकल्पांना तिने सवलत दिली आहे, आणि हे अंतर नकाशावर आखून पाहिलेस तर ईशान्येतील किती जंगल त्यात येते ते ध्यानात येईल.

अंदमान-निकोबारमधील ग्रेट निकोबार बेटाला स्वतंत्र प्रकरण दे. बंदर, विमानतळ आणि नगरासाठी तिथली सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती करण्याचा निर्णय झाला, आणि २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी देताना पर्यायी वनीकरणासाठी हरियाणा दाखवले गेले. विषुववृत्ताजवळच्या बेटावरच्या वर्षावनाच्या बदल्यात कोरड्या मैदानातली लागवड! इथे तुला विशेषणांची गरज नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यास तरी पुरे.

पुढच्या मसुद्यासाठी दोडामार्गातील एकच गाव निवड. तलाठ्याकडून सातबारे काढ, जमीन कोणाच्या हातून कोणाकडे गेली ते फेरफारांवरून पाहा, आणि प्रत्येक गटात आज प्रत्यक्ष काय उभे आहे ते स्वतः चालून नोंदव. ते झाले की कळव, मग वनाच्छादनाच्या आकड्याशी ते ताडून पाहू.