कापूस वेचून कंबर धरते, तेलाची मालिश केल्याने खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, पण थोड्या दिवसांपुरता, आणि दुखणं स्नायूंचं असेल तरच. मी जळगावात फिजिओथेरपी करतो, वेचणीच्या दिवसांत हीच तक्रार सगळ्यात जास्त येते. दिवसभर ओणवं राहून कमरेचे स्नायू ताठून जातात. चोळल्याने ते सैल पडतात, दुखण्याची जाणीव मंदावते आणि रात्री झोप बरी लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही नव्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मालिश असे उपाय सांगितले आहेत. त्यात शेकाचा पुरावा मालिशपेक्षा भक्कम मानलाय, म्हणून चोळून झाल्यावर गरम पाण्याची पिशवी घ्याच.

तेल तिळाचं असो की शेंगदाण्याचं, त्याचं काम हात सरकवण्याचं. ‘वातनाशक’ लिहिलेल्या महागड्या बाटलीवर मजुरी घालवू नका.

- पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपा.
- मणक्यावर दाब नको. त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिनिटं पुरे.
- पोराला पाठीवर उभं करून कंबर तुडवून घेऊ नका. (आपल्याकडे सर्रास चालतं हे.)

मात्र कळ पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, तर मालिश थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी अडकली तर त्याच दिवशी.