सासूबाईंचे गुडघे आणि शार्लोट लेक

प्रश्न: ताई, डिसेंबरात एक दिवस पाण्याच्या कडेने निवांत भटकायला जायचंय. सोबत सासूबाई (वय 64, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) आणि नऊ वर्षांचा मुलगा. किल्ला नको, मुक्काम नको, रात्रीच्या जेवणाला घरी यायचंय. कुठे जाऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: माथेरान! हसू नकोस गं, मला माहितीय माथेरान म्हटलं की घोडे, चिक्की आणि गर्दी डोळ्यासमोर येते, पण ती सगळी बाजारात असते, आणि तीही शनिवार-रविवारी. तू मधल्या वारी जा. सकाळची कर्जत लोकल पकडून नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. गाड्या तिथेच थांबतात, पुढे लाल मातीचा रस्ता. तिथून बाजार अडीच-तीन किमी, सासूबाईंचे गुडघे आधीच वापरून टाकू नकोस, नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून बाजारापर्यंत शटल ट्रेन घे आणि पाय तलावासाठी राखून ठेव.

बाजारातून शार्लोट लेक रमतगमत अर्धा-पाऊण तास. अंजन, जांभूळ, हिरडा असली दाट झाडी, त्यामुळे दुपारीसुद्धा सावली, वर शेकरू उड्या मारताना दिसलं तर मुलगा तिथेच अडकणार, अडकू दे. पावसात तलावाच्या बांधावरून पाणी उसळत असतं, डिसेंबरात ते थांबतं पण तलाव भरलेला असतो आणि वाट कोरडी, म्हणून हाच सीझन. पाण्यात मात्र उतरायचं नाही हं, गावाचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. काठावर पिसारनाथाचं मंदिर आहे, माथेरानचं ग्रामदैवत, तिथे सासूबाईंना बसू दे, तुम्ही दोघं जवळच्या इको पॉइंटला जाऊन ओरडून या. दम असेल तर पुढे लुईझा पॉइंट, समोर प्रबळगड दिसतो. लोक एका दिवसात पंधरा पॉइंट 'करतात', मला ते कधी कळलंच नाही, काठावर बसून डबा खाण्यात निम्मी मजा आहे.

डबा स्टीलचाच ने, प्लास्टिकची पिशवी वाजली की माकडं हजर. आणि पांढरे बूट नकोत, ती लाल धूळ दोन धुण्यांत जात नाही, माझे अजून गुलाबी आहेत. सूर्यास्ताच्या मोहात पडू नका, सहालाच अंधारतं, चारला परत निघा.

प्रश्न: नेरळपासून टॉय ट्रेननेच जायचा माझ्या मुलीचा हट्ट आहे. एका दिवसात जमेल?
– एक बाबा, ठाणे

उत्तर: 1907 सालची गाडी आहे हो, वीसेक किमीला दोन तासांहून जास्त घेते, फेऱ्याही मोजक्या. चालायचं असेल तर तिला शटलवर पटवा. नाहीच ऐकलं तर त्या दिवशी गाडीच ट्रिप समजा, तलाव पुढच्या वेळी.