‘नो स्मोकिंग’ आपटला, तरी तो पुन्हा पाहावा

प्रश्न : मागील अंकातील सदरात आपण अनुराग कश्यप यांच्या ‘नो स्मोकिंग’ या चित्रपटाचा ‘आवर्जून पाहावा’ असा उल्लेख केला होता. माझ्या दिरांना अनेक वर्षांपासून खर्र्याचे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाचे) व्यसन आहे. नावावरून वाटले की त्यांना काही बोध होईल, म्हणून रविवारी आम्ही सर्वांनी मिळून तो घरी पाहिला. दीर अर्ध्या तासात उठून गेले, मुलीला तो किळसवाणा वाटला आणि मी शेवटपर्यंत बसूनही काय घडले ते सांगू शकत नाही. समीक्षकांनी झोडपलेला आणि प्रेक्षकांनीही नाकारलेला चित्रपट चांगला आहे असे म्हणण्यास आधार काय?
— एक वाचक भगिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी दिरांविषयी. हा चित्रपट त्यांना दाखवण्याजोगा नव्हता आणि दोन ओळींत शिफारस उरकून मी आपली दिशाभूल केली, याबद्दल क्षमस्व. खर्र्यामुळे त्यांचे तोंड कमी उघडत असेल, त्यात तीन बोटे उभी जात नसतील तर विलंब न लावता दंतवैद्याकडे न्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते, त्याचाही उपयोग करावा.

आता चित्रपटाविषयी. तो २६ ऑक्टोबर २००७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच शुक्रवारी ‘जब वी मेट’ही लागला, त्यामुळे प्रेक्षक कुठे गेले हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिग्दर्शकाच्या, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ची मोठी वाहवा झाली होती. तसाच सरळ, कागदपत्रांच्या आधारावर उभा असलेला चित्रपट पाहण्याच्या तयारीने गेलेल्या समीक्षकांसमोर स्वप्नातला, बर्फात ठेवलेला बाथटब आला आणि ते चिडले. पहिल्याच आठवड्यात सीताबर्डीवरच्या एका चित्रपटगृहात मी तो पाहिला तेव्हा जेमतेम वीस माणसे असतील. मध्यंतराच्या थोडे आधी मागच्या रांगेतील एक तरुण आपल्या मित्राला मोठ्याने म्हणाला, “हे काय चाललंय बे?” त्याचा प्रश्न रास्त होता. माझ्याजवळही त्या दिवशी उत्तर नव्हते.

कथा थोडक्यात अशी आहे. के नावाचा एक श्रीमंत, स्वतःवर विलक्षण खूश असलेला माणूस सतत सिगारेट ओढतो आणि आपण काय करावे हे कोणी आपल्याला सांगू नये, असा त्याचा हट्ट असतो. बायको सोडून जाण्याच्या बेतात आल्यावर तो एका मित्राच्या सांगण्यावरून ‘प्रयोगशाळा’ नावाच्या, व्यसन सोडवणाऱ्या ठिकाणी जातो, आणि त्या मित्राच्या हाताची बोटे तुटलेली असतात. तिथे बाबा बंगाली त्याच्याकडून करार करून घेतात. यापुढे सिगारेट ओढलीस तर शिक्षा तुला नाही, तुझ्या माणसांना होईल, हे त्या कराराचे मर्म आहे. के सिगारेट ओढतो आणि त्याचा भाऊ धुराने भरलेल्या बंद खोलीत घुसमटतो.

या कल्पनेचे मूळ स्टीफन किंग यांच्या ‘क्विटर्स, इन्कॉर्पोरेटेड’ या कथेत आहे. ती १९७८ च्या ‘नाइट शिफ्ट’ या संग्रहात आहे. तिथे व्यसन सोडवणारी एक अमेरिकी कंपनी आहे आणि ती आपले क्रौर्य कार्यालयीन शिस्तीने पार पाडते. कश्यप यांनी त्या कंपनीच्या जागी एक बाबा बसवला, आणि माझ्या मते चित्रपटाचे सगळे मोल या एका बदलात आहे. बंगाली बाबाला आपण सारेच ओळखतो. रेल्वेच्या डब्यात, बसथांब्यावर, मुतारीच्या भिंतीवर त्याची जाहिरात चिकटवलेली असते आणि ती वाचून आपण हसतो. चित्रपटात के सुद्धा हसतच खाली उतरतो. गालिच्यांच्या दुकानाखालून वाट अरुंद होत जाते, पायऱ्या संपता संपत नाहीत, आणि ज्याला आपण भिंतीवरचा कागद समजत होतो त्याच्या हाती खरोखरीची सत्ता आहे हे तळाशी पोहोचल्यावरच कळते. परेश रावल यांनी हा बाबा हसवण्यासाठी रंगवलेला नाही, म्हणूनच हसू येते आणि लगेच त्या हसण्याची भीती वाटते. काळा विनोद म्हणतात तो हाच, आणि आपल्याकडच्या हिंदी चित्रपटात तो इतक्या निर्भीडपणे क्वचितच आला आहे.

आपण ‘किळसवाणा’ हा मुलीचा शब्द कळवला आहे. मला त्या ठिकाणी माझे लहानपण आठवले, ते सांगतो. माझे वडील खर्रा खात. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधून दिलेली पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या आत्याने त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि सर्वांसमोर पोराची शपथ घ्यायला लावली. पुढच्याच महिन्यात मला ताप आला. कोणी काही बोलले नाही, पण घरातले प्रत्येक माणूस वडिलांकडे पाहत होते, आणि ते माझ्या अंथरुणाजवळ न येता दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी खर्रा खाल्ला होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आत्याचा हेतू चांगलाच होता. बाबा बंगालीच्या करारात आणि त्या शपथेत मात्र मला फरक करता येत नाही, कारण दोन्हींत एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याचा जीव गहाण पडतो, आणि तंबाखू वाईट आहे हे सर्वांना मान्य असल्यामुळे कोणाला हरकतही घेता येत नाही.

हा चित्रपट धूम्रपानाचा कैवार घेतो, असा एक आक्षेप घेतला जातो; तो मला याच कारणाने पटत नाही. त्याचा काळ पाहावा. पडद्यावरील धूम्रपानावर बंदी घालण्याची घोषणा केंद्र सरकारने २००५ मध्ये केली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम २००९ मध्ये रद्द केले. हा चित्रपट त्या दोन घटनांच्या मधला आहे. दिग्दर्शकाचा ‘पांच’ सेन्सॉरच्या वादात सापडून चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही आणि ‘ब्लॅक फ्रायडे’ न्यायालयीन स्थगितीमुळे दोन वर्षे अडकून पडला. तुमच्या भल्यासाठीच हे कापतो आहोत, असे ज्याला वारंवार ऐकावे लागले त्या माणसाला बोटे कापणारा बाबा सुचावा, यात मला काहीच नवल वाटत नाही.

दोष आहेत, आणि ते मी झाकणार नाही. बायको आणि सेक्रेटरी या दोन्ही भूमिका आयेशा टाकिया यांना देऊन जे सुचवायचे होते ते सुचवलेच गेले नाही, आणि ती स्त्री शेवटपर्यंत कागदीच राहिली. शेवटचा भाग एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात इतक्या वेळा शिरतो की लक्ष देऊन पाहणाराही थकतो. जॉन अब्राहम यांच्या अभिनयाची मर्यादा मात्र इथे पथ्यावर पडली आहे असे मला वाटते, कारण आरशात स्वतःला न्याहाळणारा, आतून रिकामा माणूस तसाच दिसायला हवा होता.

शेवटी काय घडले हे आपल्याला सांगता आले नाही, त्यात आपली चूक नाही. मी तीनदा पाहूनही के च्या स्वप्नात येणाऱ्या बर्फाच्या प्रदेशाचा पूर्ण उलगडा करू शकत नाही. पुन्हा पाहण्याची इच्छा झाली तर एकटीने पाहावा, आणि गोष्टीचा माग काढण्याऐवजी हातांकडे लक्ष ठेवावे. प्रयोगशाळेचा पत्ता देणाऱ्या मित्राचा हात आपण पहिल्या वेळी बहुधा नीट पाहिला नसेल. तो हात पाहून झाल्यावर शेवटी के चा हात पाहावा.