बुटातल्या फिल्मवर मोबाइल चार्ज होईल का?

प्रश्न: मी रोज सकाळी तळजाईला चालायला जाते. वाकणारं पिझोइलेक्ट्रिक (दाबलं की वीज देणारं) प्लास्टिक बुटात घातलं की चालताना वीज मिळते असं वाचलं, तर त्यावर फोन चार्ज होईल का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: ताई, वीज खरंच मिळते, पण फोनपुरती नाही. अशा प्लास्टिकच्या पातळ फिल्ममधून मायक्रोवॅट (वॅटचा दहा लाखावा भाग), फार तर काही मिलिवॅट (वॅटचा हजारावा भाग) निघतात आणि फोनचा अगदी साधा चार्जरसुद्धा ५ वॅट देतो.

दाबलं की वीज हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला, आणि पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये तो जपानच्या कावाईंनी १९६९ मध्ये. आता गंमत अशी की सिरॅमिक जास्त चार्ज (विद्युतभार) देतं पण वाकवलं की तुटतं, प्लास्टिक वाकतं पण चार्ज कमी, म्हणून चिक्कीत दाणे घालावेत तसे बेरियम टायटनेट या सिरॅमिकचे कण प्लास्टिकमध्ये मिसळतात, या मिश्रणालाच कंपोझिट म्हणतात. (पीझेडटी नावाचं दुसरं सिरॅमिक जास्त जोरदार, पण त्यात शिसं असतं, अंगावर घालायच्या वस्तूत मला तरी ते नको वाटतं.) नुसतं मिसळून मात्र भागत नाही, जबर व्होल्टेज देऊन आतले डायपोल (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण भार असलेल्या सूक्ष्म जोड्या) एका दिशेला वळवावे लागतात आणि तिथेच अडतं, कारण बरंचसं व्होल्टेज प्लास्टिकच खातं, कणांपर्यंत थोडंच पोचतं.

शिवाय पाऊल दाबताना आणि उचलताना करंट उलटसुलट वाहतो, म्हणून तो एकाच दिशेला वळवणारा रेक्टिफायर आणि वीज साठवणारा कपॅसिटर लागतो. एवढ्यावर पावलं मोजणारा छोटा सेन्सर मस्त चालेल, फोनसाठी पॉवर बँकच घ्या.